लॅपटॉपचें दुखणें

घरांत कोणास ताप भरला म्हणजे आपण प्रथम त्याच्या कपाळास हात लावतों, जीभ पाहतों, काल काय खाल्लें तें विचारतों, आणि मग जरूर पडल्यास वैद्याकडे धांव घेतों. परंतु घरांतील लॅपटॉप आजारी पडला कीं अगदीं उलट क्रम सुरू होतो. प्रथम अपराधी कोण याची चौकशी होते. मग चार जण चार बटणें दाबतात. पांचवा यंत्राच्या पाठीवर थाप मारतो. आणि यंत्र स्वतः पडद्यावर काय सांगत आहे तें वाचण्याचें मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं. हें आम्ही इतरांस नांवें ठेवण्यासाठीं लिहीत नाहीं. या अपराधांत आमच्या घरीं सर्वांत मोठा वांटा आमचाच आहे, आणि त्याची जी किंमत द्यावी लागली ती पैशांत मोजतां येण्यासारखी नाहीं. म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर डहाणूस आहे. पुढें समुद्र, मागें चिकूची वाडी. घरांत आमच्या थोरल्या वहिनी, त्यांचा मुलगा म्हणजे आमचा पुतण्या, सूनबाई, दोन नातवंडें आणि आम्ही उभयतां असा परिवार. पुतणी तलासरीस शिक्षिका आहे. सुटीस ती येऊन-जाऊन असते. एवढ्या माणसांत लॅपटॉप एकच असला म्हणजे त्याची स्थिति एकत्र कुटुंबांतील न्हाणीघरासारखी होते. सकाळपासून त्याच्यापुढें रांग. पुतण्या त्यावर वाडीचा हिशोब व चिकूच्या पेट्यांची नोंद ठेवी, मुलें अभ्यास करीत, वहिनी दुपारीं कीर्तनें ऐकत. आम्ही स्वतः पस्तीस वर्षें हिशोबतपासनिसाची नोकरी करून निवृत्त झालेले. पत्रव्यवहार व निवृत्तिवेतनाचे कागद यांसाठीं पहांटे सर्वांआधीं तो उघडण्याचा मान आमचा असे.

त्याच यंत्रांत आणखी एक ठेवा होता. आमची आई २०१६ सालीं वारली. त्यापूर्वींचे दोन उन्हाळे पुतण्यानें दुपारच्या वेळीं तिच्याशेजारीं बसून तिला बोलतें केलें होतें. कोळशाच्या गाडीनें मुंबईस जातांना डोळ्यांत कण कसे जात, लोणच्याच्या फोडींस मीठ किती लावावें, वाडींतील कोणतें झाड कोणाच्या हातचें, आमच्या वडिलांचा राग कशानें उतरे, अशा २७ गोष्टी तिच्या स्वतःच्या आवाजांत लॅपटॉपमध्यें सांठविलेल्या होत्या. त्या दुसरीकडे उतरवून ठेवाव्या असें आम्ही सर्वच जण म्हणत असूं. आणि जें काम सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, या न्यायानें तें राहून गेलें.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांत भूकंपाचे लहान-लहान धक्के बसूं लागले. धुंदलवाडीच्या आसपास त्यांचा जोर विशेष. फळीवरचीं भांडीं वाजत, भिंतींस तडे जात, आणि लोक थंडीच्या दिवसांत घर सोडून बाहेर निजत. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं तर धक्क्यामागून धक्का बसला. त्यांतला दुपारचा सर्वांत मोठा, ४.१ तीव्रतेचा. पुतण्या त्या वेळीं ओसरीवर हिशोब लिहीत बसला होता. जमीन हालतांच त्यानें लॅपटॉप मिटून उराशीं धरला, मुलांना हांक मारली आणि सर्वांसह तो अंगणांत आला. ती रात्र आम्हीं अंगणांतच काढली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं लॅपटॉप उघडला, तों काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, आणि आंतून घड्याळासारखा कट्-कट् असा आवाज. ओळीचा अर्थ असा कीं, सुरू होण्यासाठीं लागणारी डिस्क यंत्रास सांपडत नाहीं. आम्हीं ती ओळ धड वाचली देखील नाहीं. पुतण्याकडे वळून आम्ही म्हणालों, "पळतांना कोठें तरी आपटलास वाटतें?"

"नाहीं काका, छातीशीं धरून आणला."

"मग काय भूकंपानें डिस्क खाल्ली?"

तो कांहीं बोलला नाहीं. वहिनी मध्यें पडल्या, "भाऊजी, पोरें सुखरूप बाहेर आलीं तें पाहा. यंत्राचें काय घेऊन बसलांत!" पण आमचें समाधान होईना. त्या सकाळीं आम्हीं लॅपटॉप निदान पंधरा वेळां बंद करून पुनः सुरू केला. दर वेळीं कट्-कट् वाढत गेली. तिसऱ्या दिवशीं एका दुकानदारानें नवी डिस्क बसवून यंत्र चालू करून दिलें व जुनी कागदांत गुंडाळून हातीं ठेवली. ती घेऊन पुतण्या मुंबईस एका जाणकाराकडे गेला. त्यानें उघडून पाहिलें आणि सांगितलें कीं, आंतील तबकडीवर ओरखडे उमटले आहेत, आतां कांहीं निघणार नाहीं. पहिला आवाज ऐकतांच यंत्र बंद ठेवलें असतें तर कदाचित् कांहीं हातीं लागलें असतें.

आठ-दहा दिवस घरांत आईचें नांव कोणीं काढलें नाहीं. पुतण्या जेवायला मान खालीं घालून बसे, आणि आम्ही समोर बसून वरणाकडे पाहत असूं. शेवटीं एका संध्याकाळीं सूनबाईंनीं विचारलें, "काका, बिघडण्यापूर्वीं यंत्र कांहीं म्हणत होतें का हो? हार्ड डिस्क बहुधा एकाएकीं जात नाहीं म्हणतात."

आम्ही "नाहीं" म्हणणार, तोंच आमच्या घशांत शब्द अडकला. म्हणत होतें. जानेवारींत निदान तीन आठवडे, रोज पहांटे, यंत्र उघडतांच इंग्रजींत चार ओळी येत. त्यांचा मजकूर आतां आम्हांस पाठ आहे: डिस्क लवकरच निकामी होण्याचीं चिन्हें आहेत, आपली माहिती ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्या आणि डिस्क बदला; पुढें जाण्यासाठीं एफ-१ हें बटण दाबा. आम्हीं पहिल्या तीन ओळी सोडून चौथी तेवढी वाचली होती, आणि रोज इमानानें एफ-१ दाबून पुढें गेलों होतों. पुढें जातां येत होतें, एवढें आम्हांस पुरे होतें. कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, हें आम्हीं आयुष्यभर दुसऱ्यांस सांगितलें. न वाचतां सही केली म्हणून कित्येक कारकुनांच्या कागदांवर लाल शाईनें शेरे मारले. आणि आपल्या स्वतःच्या आईचा आवाज वाचविण्याविषयींची सूचना न वाचतां एकवीस वेळां मंजूर केली.

ती रात्र आम्हांस झोंप आली नाहीं. सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांदेखत आम्हीं पुतण्यास झाला प्रकार सांगितला व दोष आपला असल्याचें कबूल केलें. वडील माणसानें असें करावयाचें म्हणजे जीभ जड होते, हें वाचकांस सांगावयास नकोच. पुतण्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि तो म्हणाला, "काका, चहा निवतो आहे." त्याहून अधिक शिक्षा त्यानें केली नाहीं. ती मृत डिस्क आजहि आईच्या पितळी डब्यांत ठेवलेली आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरीं एक वही आहे. सूनबाईंनीं ती घातली. जशी पूर्वीं आजीबाईच्या बटव्यांत सुंठ, हळद, मायफळ असे, तशी ही वही लॅपटॉपशेजारीं असते. तिच्या पहिल्या पानावर तीनच नियम आहेत. यंत्र काय म्हणतें तें अक्षरशः उतरून घ्यावें, किंवा मोबाईलनें त्याचा फोटो काढावा, मग बोलावें. उपाय एका वेळीं एकच करावा, व त्यानें काय झालें तें लिहावें. आणि दोष कोणाचा, हा प्रश्न यंत्र सुरू झाल्यावर विचारावा. यांतील तिसरा नियम आम्हांस उद्देशून आहे, हें घरांत सर्वांस ठाऊक आहे.

या नियमांची पहिली परीक्षा २०२० सालीं झाली. महामारीमुळें शाळा बंद, वाटा बंद; डहाणूहून तलासरी जवळ, पण त्या दिवसांत विलायतेइतकी दूर झाली होती. पुतणीचा फोन आला. तिचा लॅपटॉप कित्येक आठवडे बंद होता, आणि आतां उघडल्यावर कोणतेंहि संकेतस्थळ उघडेना. सर्वत्र एकच धमकी कीं, ही जोडणी सुरक्षित नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत तिला मुलांचा अभ्यास तयार करून पाठवावयाचा होता. शेजाऱ्यानें विषाणु शिरला असें सांगून सर्व पुसून टाकण्याचा सल्ला दिला होता, आणि ती रडकुंडीस आली होती. सूनबाईंनीं तिला म्हटलें, "ताई, पडद्यावर जें जें दिसतें तें डाव्या वरच्या कोपऱ्यापासून वाचून दाखवा." ती वाचीत वाचीत उजव्या खालच्या कोपऱ्यापाशीं आली, आणि तेथें तारीख निघाली १ जानेवारी २०१५!

मेख तेथेंच होती. यंत्र बंद असतांना त्यांतील घड्याळ चालूं राहावें म्हणून आंत विजेचा अल्पसा सांठा असतो; बहुतेक जुन्या यंत्रांत रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. ती संपली कीं यंत्र आपल्या जन्मकाळाच्या आसपासची तारीख दाखवूं लागतें. इकडे प्रत्येक संकेतस्थळ आपल्या ओळखीचा एक दाखला यंत्रापुढें ठेवतें, आणि त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. ज्याच्या मतें आज २०१५ साल चालू आहे, त्यास २०२० सालचा दाखला म्हणजे न जन्मलेल्या बटूच्या मुंजीचें आमंत्रण! तें खोटें ठरवून त्यानें दार लावून घेतलें, तर त्याची चूक काय? पुतणीनें तारीख व वेळ दुरुस्त केली, आणि दोन मिनिटांत सारीं दारें उघडलीं. शेजाऱ्याचा उपाय केला असता तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होऊन तिचें सर्व लिखाण मात्र नाहींसें झालें असतें.

तेव्हांपासून वहींत बरीच भर पडली आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या हवेंत मीठ व दमटपणा फार; चार्जर जेथें खोंचावयाचा त्या छिद्राच्या धातूवर हिरवट थर चढतो, आणि मग बॅटरी भरत नाहीं. तलासरीकडे हमरस्त्याची धूळ. ती पंख्यांत बसली कीं यंत्र तापतें, पंखा गुरगुरतो, आणि काम चालू असतांनाच यंत्र आपोआप बंद पडतें. तें बंद पडणें म्हणजे बिघाड नसून आत्मरक्षण होय. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून हवेचीं छिद्रें कोंडणें हें तर घरोघर चाललेलें आहे. एक लांकडी पाट दिला कीं अर्धें दुखणें पळतें. यंत्र मुळींच सुरू झालें नाहीं, तर आधीं त्या प्लगवर दुसरें कांहीं लावून वीज आहे ना तें पाहावें. मग चार्जर काढून सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरावें, आणि चार्जर लावून पुनः प्रयत्न करावा. आंत सांचलेली वीज निघून जाऊन पुष्कळदां एवढ्यानेंच काम होतें. डिस्क सांपडत नाहीं असें यंत्र म्हणालें, तर एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला नाहीं ना, तें प्रथम पाहावें. यंत्र वेड्यासारखें त्यांतच आपला आत्मा शोधीत बसतें. मात्र कट्-कट् ऐकूं आली तर तेथेंच थांबावें. हें वाक्य वहींत आमच्या हातानें लिहिलें आहे. इंटरनेट बंद पडलें तर आधीं त्याच वायफायवर मोबाईल चालतो का तें पाहावें. तोहि चालत नसेल तर लॅपटॉपला बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

दोन गोष्टी मात्र घरगुती उपायांच्या बाहेरच्या आहेत. लॅपटॉपचा तळ फुगला, किंवा बोट फिरवावयाची पट्टी वर उचलूं लागली, तर आंतली बॅटरी फुगली असें समजावें. ती टोंचूं नये, दाबूं नये, चार्जर लावूं नये. यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावें, कारण तेथें आगीचें भय असतें. दुसरी गोष्ट याहून वाईट. पडदा एकाएकीं लाल होऊन मोठा आवाज निघतो, आणि आपल्या यंत्रांत विषाणु शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, असा मजकूर येतो. वहिनींनीं एकदां कीर्तन ऐकतांना तसा फोन उचलला सुद्धां होता. सूनबाईंनीं सांगितलें, "सासूबाई, खरें यंत्र आपली चूक सांगतें, पण आपला फोन नंबर देत नाहीं." ही खूण इतकी सोपी आहे कीं, आम्हीं ती सर्व वृद्ध मंडळींस सांगण्याचा परिपाठ ठेवला आहे.

एवढ्यानें आपण फार शहाणे झालों असें कोणास वाटेल, म्हणून १९ जुलै २०२४ ची आठवण सांगतों. त्या दिवशीं क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रणालीच्या एका सदोष सुधारणेमुळें जगभर सुमारें ८५ लक्ष यंत्रांचे पडदे निळे पडले. विमानें अडलीं, रुग्णालयें व पेढ्या खोळंबल्या. आपल्या देशांत कांहीं प्रवाशांस विमानाचीं प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं. बातम्या ऐकून वहिनींनीं आमच्या लॅपटॉपचा प्लग काढून तो कपाटांत ठेवला. वस्तुतः ती प्रणाली मोठमोठ्या कचेऱ्यांची. आमच्या यंत्राचा तिच्याशीं संबंध नव्हता. परंतु त्या मोठ्यांच्या यंत्रांवर उपाय काय झाला तें पाहण्यासारखें आहे. पुष्कळ ठिकाणीं माणसांस एकेका यंत्रापुढें बसून, तें सुरक्षित रीतीनें सुरू करून, सदोष फाईल हातानें पुसावी लागली. म्हणजे घरची वही काय आणि जगाचा कारभार काय, शेवटीं कोणा एकास शांतपणें बसून यंत्र काय म्हणतें तें वाचावेंच लागतें.

वहीच्या शेवटच्या पानावर प्रतींचा हिशोब आहे. जें एकाच ठिकाणीं आहे तें नाहींच असें समजून, प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती ठेवावयाच्या: एक यंत्रांत, एक कपाटांतल्या वेगळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत तलासरीस असते. त्याच पानाच्या पाठीमागें, मुलांच्या नजरेआड, कुलपाच्या ४८ आंकड्यांची नोंद आहे. कारण हल्लींचीं पुष्कळ यंत्रें आपली डिस्क आपणच कुलुपांत ठेवतात, आणि एखाद्या दुरुस्तीनंतर मालकासच ते आंकडे विचारतात. ते नसले तर स्वतःच्या घराबाहेर स्वतःच उभें राहण्याची पाळी येते.

हा प्रतींचा नियम पुतणीस कळविला तेव्हां तीहि आपले जुने पेनड्राइव्ह एकेक करून तपासावयास बसली. २०१७ सालीं वर्गांतल्या मुलांना ऐकविण्यासाठीं आजीच्या तीन गोष्टी तिनें नेल्या होत्या, आणि पुढें विसरली होती. त्या सांपडल्या. २७ पैकीं ३. हिशोबतपासनिसाच्या भाषेंत ही तूट भयंकर आहे. पण त्या रात्रीं फोनवरून तो आवाज ऐकतांना आमच्या घरांत कोणीं हिशोब केला नाहीं.

त्यांतल्या एका गोष्टींत आई नातवास चिकू केव्हां उतरावा तें सांगते आहे. नुसता आकार पाहून हात घालूं नये, असें ती म्हणते. सालीवरची तपकिरी भुकटी झडूं लागली का पाहावें, मग नखानें हळूच साल खरवडावी; खालीं हिरवें दिसलें तर फळ अजून तयार नाहीं, पिंवळट दिसलें तर उतरावें. मध्यें कोठें तरी कावळा ओरडतो, आई त्याला "हाड्" म्हणते, आणि पुतण्या हंसतो. आतां त्या गोष्टीच्या तीन ठिकाणीं तीन प्रती आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं त्या उघडतात ना, हें तपासून वहींत सही करण्याचें काम घरानें आमच्याकडे सोंपविलें आहे. आणि संपूर्ण ऐकल्याशिवाय आम्ही सही करीत नाहीं.